सगळे अंगठे खिडकीकडे

चौदा कात्र्या, बोथट.

डिंकाची बाटली, तोंड चिकटलेलं.

चित्रांच्या पुस्तकातली बकरी. बर्फात टपाल वाटते, म्हणून तिला चार हातमोजे.

फळ्यावर बाईंचं अक्षर, नेहमीसारखं उतरणीला लागलेलं.

एका मुलीच्या डायरीत वडिलांचा रोजचा प्रश्न : आज उजव्या हाताने काम केले का?

मधल्या सुट्टीला अर्धा तास होता. सुट्टीनंतर मोठ्या बाई वर्ग बघायला येणार होत्या. तोवर खिडकीपासून दारापर्यंत बांधलेल्या लोकरीवर कागदी हातमोज्यांच्या चौदा जोड्या लटकायला हव्या होत्या. पहिलीच्या बाई स्टुलावर चढल्या. पहिली जोडी अडकवली, दुसरी अडकवली, तिसरी हातातच राहिली.

सगळे अंगठे खिडकीकडे. जोडी एकही नाही, नुसते डावे.

चूक साधी होती. मुलांनी उजव्या हातात पेन्सिल धरली, डावा हात कागदावर ठेवून त्याभोवती रेघ ओढली, आणि मग तेच पुन्हा केलं. उलटे लावावेत, तर चकचकीत कागद मागून पांढराफटक.

"बाई, बकरी दोन्हीकडून डावीच असते का?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"गप्प बस रे राजा."

"बाई!" बातमीदार उभा राहिला. वर्गातल्या सगळ्या चहाड्या त्याच्याकडूनच येत. "मुंगीचे उलटे आलेत! तिनं त्या हातानं काढले. मी बघितलं."

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी. तिनं डावा हात झटकन मांडीखाली सारला. रोज तो तिथंच असायचा. घरून तसं सांगणं होतं, आणि बाईही दिवसातून दहादा "हात कुठंय?" म्हणून विचारायच्या. बाकावर तिचे दोन हातमोजे पडले होते. दोन्ही अंगठे दाराकडे.

बाई उतरल्या. घड्याळाकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. डायरीत 'नाही' लिहिलं की घरी काय होतं, ते मुंगीनं कधी सांगितलं नव्हतं. फक्त डायरी दाखवायला ती सगळ्यात शेवटी यायची.

"काढ तो हात बाहेर," बाई म्हणाल्या.

मुंगी हलली नाही. बातमीदारही खाली बसायचा विसरला.

"काढ गं. आणि पेन्सिल धर. तेरा जणांचे उजवे राहिलेत."

रांग लागली. मुंगी आपलाच उजवा तळवा प्रत्येकाच्या कागदावर दाबायची, डाव्या हातानं सरसर रेघ ओढायची आणि ओरडायची, "पुढचा!"

"माझा मोठा काढ हं. तुझा बारका हात मला नको."

"थंडी काय माप घेऊन येते?" मुंगी म्हणाली. "पुढचा!"

उरलेल्या डाव्यांतला एक बातमीदारानं आपणहून तिच्या बाकावर ठेवला.

मोठ्या बाई आल्या तेव्हा डिंक ओलाच होता. "एक हात मोठा, एक बारका?"

"हो."

"बरं. आणि फळा कुणी लिहिलाय, बकरीनं?"

मुलं खो-खो हसली. बाईही हसल्या.

शाळा सुटताना मुंगी डायरी घेऊन आली, सगळ्यात शेवटी. बाईंनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग वडिलांच्या प्रश्नाखाली लिहिलं : उजव्या हाताचं काम आज हिच्याइतकं कुणीच केलं नाही.

ते उतरणीचं अक्षर लावायला मुंगीला वेळ लागला. लागलं, तशी ती पळत सुटली.

बाईंच्या आईनं दोन हिवाळे त्यांचा डावा हात दप्तराच्या पट्ट्याला बांधून त्यांना शाळेत पाठवलं होतं.