नेहमीचं वजन

“फिक्स की ॲडजस्टेबल, साहेब?”

मिस्त्रीने सस्पेन्शनचे दोन लोखंडी आर्म बाकावर शेजारी शेजारी मांडले, सराफाने दागिने मांडावेत तसे. जावयाने दोन्ही हातात घेऊन बघितले. एक सरळसोट दांडा. दुसऱ्याला मधोमध आटे पाडलेले. फिरवलं की लांबी कमीजास्त व्हायची, मग लॉकनट आवळायचा.

जीप उंच करून घेतल्यापासून पुढचा ॲक्सल मागे ओढला गेला होता. तेवढंच असतं तर फिक्सवर भागलं असतं. पण जीप डावीकडे ओढत होती, आणि उद्या सकाळी ज्या खिंडीत जायचं होतं तिथे चढताना दरी डाव्या हाताला होती. आपली राख खिंडीच्या माथ्यावर सोडावी, ही सासरेबुवांची शेवटची इच्छा. आपल्या पाठोपाठ जावयानेही दरीत उतरावं अशी काही त्यांची इच्छा नव्हती. निदान बोलून दाखवलेली नव्हती.

“दोन्ही बाजूंची मापं सारखी आली तर फिक्सच घ्या,” मिस्त्री म्हणाला. “उगाच नसता उपद्व्याप कशाला?”

त्याने टेप लावली. रिकामी जीप पुढून डावीकडे दोन बोटं खाली होती. त्याने स्प्रिंगांची अदलाबदल केली. डावीकडेच दोन बोटं खाली. चाकं बदलली. तेच. गॅरेजच्या फरशीलाच उतार असेल म्हणून जीप तोंड फिरवून उभी केली. फरशी निर्दोष सुटली.

“डावीकडे पुढे कोण बसतं?”

“आता कोणी नाही,” जावई म्हणाला. “आधी सासरे बसायचे.”

“मी मागेच बसते,” दारापाशी खुर्चीवर बसलेली बायको म्हणाली. तिच्या मांडीवर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. “ती बाबांची जागा.”

मिस्त्रीने मान डोलावली. “असं आहे ताई, गाडी हवेत ठेवून बोल्ट आवळले तर आर्मच्या टोकाला बुश असतो, त्याच्या रबराला पीळ बसतो. चाकं जमिनीवर पाहिजेत आणि आत नेहमीचं वजन पाहिजे, ज्याचं त्याच्या जागेवर. बाबांच्या जागी वाळूची गोणी ठेवून बघतो. वजन किती होतं त्यांचं?”

“डॉक्टरांना सत्तर सांगायचे.”

“म्हणजे ऐंशी.”

गोणी सीटवर बसली आणि जीप डावीकडे एकूण चार बोटं खाली गेली. मिस्त्रीने टेप दोनदा लावली.

“ऐंशी किलोला दोन बोटं,” तो स्वतःशीच म्हणाला. “मग आधीची दोन कशाची?”

सीट दाबून बघायला त्याने हात पुढे केला आणि मधूनच तो खिशात घातला. मग गोणी उचलून खाली घेताना हळूच “माफ करा” म्हणाला. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही आणि जावयानेही विचारलं नाही.

“ॲडजस्टेबलच द्या,” जावई म्हणाला.

आर्म बसले. डावा थोडा वाढवला, उजव्याला हात लावला नाही. जावई स्टिअरिंगवर, बायको डब्यासकट मागे. पुढची डावी सीट तशीच राहू दिली. मिस्त्रीने खाली आडवं होऊन एकेक बोल्ट आवळला. मग तिघांनी चक्कर मारली. मिस्त्रीही गुपचूप मागे बसला. मोकळ्या रस्त्यावर जावयाने स्टिअरिंग सोडून दिलं. जीप सुतासारखी सरळ गेली.

“झकास!” गॅरेजच्या दारात जीप उभी करून, खाली उतरत जावई म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचे खांदे खाली आले होते. “आता वर जायला काही काळजी नाही.”

“जायला नाहीच,” मागून उतरलेला मिस्त्री हात पुसत म्हणाला. “येताना काय करणार?”

“येताना काय?”

“माप त्यांना धरून लावलंय. तुम्ही त्यांना वर सोडणार. ते उतरले की गाडी उजवीकडे ओढणार. आणि येताना दरी उजवीकडे.”

जावयाचे खांदे होते तिथे परत गेले.

“त्यात काय एवढं!” मिस्त्रीने त्याच्या हातात एक लांब पाना दिला. “ते उतरले की डाव्या बाजूचा लॉकनट सैल करायचा, आर्म दोन फेरे आत घ्यायचा, पुन्हा आवळायचा. म्हणून तर ॲडजस्टेबल घेतला.”

“आणि ते उतरलेत हे कळणार कसं?”

“डावी बाजू उचलेल की! दोन बोटं. नाही उचलली तर समजा बसलेत, तसंच खाली या. दोन्हीकडून तुम्ही सेफ.”

हिशोब चोख होता. जावई पाना डिकीत टाकायला निघाला, तेवढ्यात मागच्या सीटवरून बायको बोलली.

“अहो, बाबा मुक्कामाला पोचल्यावर कधी रुसायचे नाहीत हो. ते वाटेत रुसायचे. भर रस्त्यात गाडी थांबवायला लावून उतरायचे.”

मिस्त्रीने बाकावरच्या फिक्स आर्मकडे पाहिलं. मग जावयाकडे. मग कुठेच नाही.

जावयाने पाना खाली ठेवला. वळसा घालून तो डाव्या बाजूला गेला, दार उघडलं, सीटकडे न बघता बेल्ट ओढला आणि खटका लावला. रिकाम्या सीटवर पट्टा खरं तर चपटा बसायला हवा होता. तो मधोमध वर उचललेला राहिला, आणि सावकाश खाली-वर होऊ लागला.