नऊ नंबरचा हिरवा दिवा

सोलापुरातल्या आमच्या हॉस्पिटलात परवा एआयचं उद्घाटन झालं. सिस्टरनं दर दोन तासांनी पेशंटची नाडी, ताप, बीपी कॉम्प्युटरात भरायचं, आणि कोणाची तब्येत बिघडणार ते यानं आधीच सांगायचं. हार, नारळ, तीन भाषणं, सगळं यथासांग.

दुसरं भाषण चालू असतानाच मायाक्का वॉर्डातून पळत हॉलमध्ये आली. नऊ नंबर बेडवरच्या बिरप्पाची बायको, माढ्याकडची मेंढरंवाली.

"सायेब, मालकाचं अंग लई गार लागतंय. एकदा बगा की."

विरेश डॉक्टरांनी पाहुण्यांदेखत मोठ्या पडद्याकडं बोट दाखवलं. नऊ नंबरचा दिवा हिरवा होता.

"बाई, हे दोन लाख पेशंटवर शिकलंय. तुम्ही किती शिकलात?"

"म्या न्हाय शिकले. पर मेंढराचा कान गार लागला की कळतंय मला."

पाहुणे हसले. मग डॉक्टरही हसले. पेशंट पन्नास पावलांवर होता, पण शिकलेल्या माणसानं एवढं चालायचं कशाला?

साडेचारला बिरप्पा गेला. सहा वाजता पडद्यावर त्याची नाडी बहात्तर होती, ताप नव्हता आणि दिवा तसाच हिरवा.


पाहुण्यांना ओवाळायला सगळ्या सिस्टर दारात हव्यात म्हणून, रात्री आठपर्यंतच्या नोंदी डॉक्टरांनीच दुपारी बाराला भरून घेतल्या होत्या.