पडद्याआड गेलेली बाई

गोरी बाई कॅमेऱ्यासकट पडदा सारून आत गेली आणि तिच्यामागे धावलेला बेसिल पडद्याशीच थबकला.

पडद्यापलीकडे बायकांचं स्वयंपाकघर. तिथे परक्या पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. बायकांचे फोटो तर कोणीच काढायचे नाहीत. हे त्याने बसमध्येच बजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. या बाईने जरा जास्तच.

वसईचा बेसिल बहारीनमध्ये, मनामा शहरातल्या एका हॉटेलात नोकरीला. दर गुरुवारी पाहुण्यांना बुदैयाजवळच्या खेड्यात न्यायचं आणि ताहिर विणकराचा माग दाखवायचा, हे त्याचं काम. पाहुण्यांना खेडं जुनंच हवं असे. म्हणून बस दिसली की ताहिर मनगटावरचं घड्याळ काढी आणि रंगीत टीव्हीवर घोंगडी टाकून वर घागर ठेवी. मागच्या खेपेला एका साहेबाने ती घागर उचलून पाहिली, तेव्हापासून ताहिरचं डोकं फिरलं होतं. "आता आणखी एक लफडं झालं, की तुझी बस बंद." बस बंद तर नोकरी बंद, असं मॅनेजरने वेगळं सांगून ठेवलं होतं.

"अरे, काढ ना तिला बाहेर!" बेसिल कुजबुजला.

"मी कसा जाऊ? परगावच्या बायका बसल्यात आत."

"मग मी जाऊ?"

"जा की. मुंबईला पेटीतून पाठवतो."

दोघे पडद्याकडे बघत उभे राहिले. आत एक भांडं पडलं. मग काहीच नाही. ते जास्त वाईट होतं. बेसिलने मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली. टेपरेकॉर्डर काही मावेना.

एवढ्यात आत हशा पिकला आणि बाई बाहेर आली. तळहातांवर ओली मेंदी, केसांच्या घट्ट वेण्या, तोंडात खजूर. गळ्यात कॅमेरा नव्हता. तो पडद्याच्या फटीतून तिच्यावरच रोखलेला होता आणि मागे कोणीतरी खटाखट बटण दाबत होतं.

"ताहिर!" आतून त्याच्या आईचा, झोहराबाईचा खणखणीत आवाज आला.

ताहिरने मान खाली घातली. बेसिलने डोळे मिटले.

"त्या हिंदी पोराला सांग, यापुढे एकीला तरी आत पाठवत जा. दर गुरुवारी या बिचाऱ्या सनद गावाहून एवढ्या लांब या गोऱ्या लोकांना बघायला येतात आणि फटीतून नुसते पाय दिसतात!"