उरलेली अर्धी प्रार्थना

वेर्सोल गावच्या चर्चमध्ये आता एकटी ओनोरीन मावशीच जायची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत याच गावाने चर्चची घंटा तळ्यात बुडवून जप्तीपासून वाचवली होती म्हणे, आणि आता साधं गळकं छप्पर वाचवायला माणूस नव्हतं!

रोज संध्याकाळी ती जपमाळ घेऊन पहिल्या रांगेत बसे. रीत अशी, की अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी बाकीच्यांनी. बाकीचे कधीच कबरीत जाऊन निजले होते. तरी मावशी आपली अर्धी म्हणून थांबायची. छपरातलं पाणी तेवढं टपटपायचं. मग ती पुढचा मणी ओढायची.

त्या दिवशी जप संपवून ती बाहेर आली, तर दारात सरपंच तिबो उभा. हातात हे एवढं कुलूप!

"काय रे, बाप्तिस्म्याला इथेच भोकाड पसरलं होतंस ना? आता कुलूप लावतोस?"

"लावणारच होतो, मावशी. माणसंच येत नाहीत तर छपरावर खर्च कशाला, म्हटलं. पण तुम्ही भारीच लबाड हं! म्हणे एकटीच असते. अहो, आत तर गच्च गर्दी! काय साथ देत होते सगळे! राहू दे कुलूप. छप्पर दुरुस्त करू."

तो शीळ घालत निघून गेला.

मावशी मेणबत्ती विझवायला आत वळली. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने मेणबत्तीवर फुंकर घातली.

मागून कितीतरी जणांनी मिळून पहिली अर्धी प्रार्थना म्हटली. मग सगळे थांबले, तिच्या उत्तरासाठी.