अठरा पॉइंट चार

निळ्या लिटमसची पट्टी चिमट्यात धरून बाई तिसऱ्या टेबलापाशी आल्या. दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. प्रश्न तसा नेहमीचाच. शंकुपात्रात वीस मिलिलिटर आम्ल घ्या, ब्युरेटमधून थेंब थेंब आम्लारी सोडत जा, दर्शकामुळे फिकट गुलाबी रंग आला की थांबा आणि किती मिलिलिटर लागले ते लिहा. मग तीच मापं पुन्हा घ्या, पण या वेळी दर्शकाशिवाय, आणि बशीत आटवून मीठ काढा. दुसऱ्या खेपेला रंग सांगायला येत नाही. पहिल्यांदा केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा, बस.

बशी बर्नरवर चढवण्याआधी बाई स्वतः पट्टी लावून पाहत. निळी पट्टी लाल झाली, तर आम्ल उरलंय. मग बशी बाजूला.

तिसऱ्या टेबलावर त्यांची मुलगी होती. शाळेत रसायनशास्त्राच्या बाई एकच आणि त्यांना लेकही एकच, त्यामुळे ही वेळ कधीतरी येणारच होती. बाईंनी तिच्या उत्तरपत्रिकेवर नजर टाकली. तीनही वाचनं सारखी. अठरा पॉइंट चार, अठरा पॉइंट चार, अठरा पॉइंट चार.

बाकी मुलांची साडेएकवीसच्या आसपास आली होती. एका बडबड्याचं तर तेवीस. तोंडासारखाच त्याला ब्युरेटचा नळही आवरत नव्हता. पण अठरा पॉइंट चार कुणाचंच नव्हतं, आणि येणं शक्यही नव्हतं.

तो आकडा कालचा होता. बाईंनी काल द्रावणं तयार केली, स्वतः करून पाहिलं आणि आलेलं वाचन डायरीत लिहिलं. संध्याकाळी भाजी चिरताना ती डायरी जेवणाच्या टेबलावर उघडीच राहिली. आज सकाळी ब्युरेट भरताना प्रयोगशाळेच्या मामांच्या हातून आम्लारीची बाटली निसटली. घाईघाईत नवं द्रावण केलं, ते जरा सौम्य झालं. हे फक्त बाईंना आणि मामांना ठाऊक होतं.

बाईंनी ते तीन आकडे पुन्हा वाचले.

"रंग आला होता?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई." मुलीने ब्युरेटकडे पाहत उत्तर दिलं. "फिकट."

"तिन्ही वेळा?"

मुलीने आधीच बंद असलेला नळ पुन्हा घट्ट केला. घरी सराव करताना तिचा थेंब नेहमी पुढे जायचा, गडद गुलाबी व्हायचं आणि बाई म्हणायच्या, "झालं! घातलंस पाणी सगळ्यावर." आज तिने धोकाच पत्करला नव्हता. रंगाची वाटही न बघता, अठरा पॉइंट चारला नळ बंद करून ती मोकळी झाली होती.

"बाई, वेळ होत आली," मामा मागून हळूच म्हणाले. बाईंचा चेहरा बघून त्यांनी काय ते ओळखलं असावं. "हिची बशी ठेवू का आचेवर? एवढी एकच राहिलीय."

मामा भला माणूस, आणि बोलले तेही काही खोटं नव्हतं. बशी आचेवर गेली की उरलेलं आम्ल पाण्याच्या वाफेबरोबर उडून जाणार होतं. मागे राहणार होतं पांढरंशुभ्र, चोख मीठ. कुणी कितीही पट्ट्या लावल्या असत्या तरी त्यात खोट सापडली नसती. वाचनाचं काय, ब्युरेटवरच्या रेघा पुसट होत्या म्हणायचं. प्रयोगशाळेतल्या निम्म्या ब्युरेटच्या रेघा पुसटच होत्या.

बाईंना मोह झाला. चांगला घसघशीत मोह झाला. मान हलवायची, एवढंच तर करायचं होतं.

त्यांनी पट्टी बशीत बुडवली. ती लाल झाली.

मुलगी पट्टीकडे बघतच राहिली. "पण अठरा पॉइंट चारच यायला हवं होतं ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काल हवं होतं," बाई म्हणाल्या.

मुलीला कळायला क्षणभर लागला. मग तिचे कान लाल झाले. पुढच्या टेबलावरची दोघं वळून बघू लागली, तशी तिने मान खाली घातली.

बाईंनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं. मग इतरांच्या कागदांवर कोराच सोडलेल्या शेऱ्याच्या रकान्यात त्या थोडा वेळ लिहीत होत्या. खाली सही केली आणि कागद मुलीसमोर धरला. गुण पाहून विद्यार्थ्याने सही करायची असते.

शून्याची तयारी मुलीने मनातल्या मनात केलीच होती. शेरा वाचायला मात्र तिला वेळ लागला. 'वाचन परीक्षकाच्या घरून मिळालेले. परीक्षकाने डायरी उघडी ठेवली होती.' हे कागद आज दुपारीच मुख्याध्यापकांकडे जायचे होते.

घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून बाहेर पडू लागली. मुलीने पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

"शून्य राहू दे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पण खालचं खोड ना, आई. ते तुला बोलतील."

बाईंनी तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बोलू देत," त्या म्हणाल्या. "कर सही. माझी झालीय."