शेवटचा थांबा

शहराची हद्द वाढली आणि ड्रायव्हरदादांची वस्ती शहरात आली. घरटी एक स्कूटर धूर ओकत होती. ती थांबावी म्हणून त्या संध्याकाळपासून बस थेट वस्तीपर्यंत येणार होती, आणि चालवणार होते खुद्द दादा.

जुना शेवटचा थांबा आला. दादांनी बस उभी केली, डबा उचलला, सकाळी तिथे लावलेली स्कूटर काढली आणि शीळ घालत घर गाठलं.

दारात नटूनथटून उभ्या असलेल्या बायकोने विचारलं, “अहो, बस कुठंय?”

दादांनी जीभ चावली. तेवढ्यात मागोमाग सगळे प्रवासीही आपापल्या स्कूटरवरून आले, कंडक्टरसकट.

बायकोने दादांच्या हातातली स्कूटरची किल्ली काढून घेतली.

मग स्कूटरी दारात लावून सगळे हसत हसत चालत निघाले, बसने घरी यायला.