उशाखालचं मठारकाम

हॉटेलच्या भिंतीसाठीचा माणसाएवढा तांब्याचा पत्रा हातोडीनं ठोके उमटवत अर्धा मठारून झाला आणि अण्णांच्या मुलानं मनगट मोडून घेतलं. पत्रा न्यायला टेम्पो सकाळी येणार होता. अण्णांचा हात आता चहाचा कपसुद्धा वाजवायचा.

सुनेनं पदर खोचून हातोडी उचलली. कारखाना घराच्या खालीच. “बंद करा ती ठकठक” हे तिचं रोजचं भांडण.

“अगं, पत्रा भंगारात जाईल!” अण्णा ओरडले.

ती ठोकत राहिली. संध्याकाळी पत्रा उभा केला, तर तिरप्या उन्हात ठोक्यांचा खवला न् खवला पेटला. मुलाचा हात कुठे संपला आणि सुनेचा कुठे सुरू झाला, ते अण्णांना चष्मा पुसूनही सापडेना.

“कुठं शिकलीस?”

“लग्न झाल्यापासून उशाखाली ठोकताय, अण्णा. झोप लागली असती, तर कशाला शिकले असते!”